उजेडाचं माहेर

खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या भिजवलेलं पाणी पल्लवीबाईंनी उजेडाच्या बाटलीत ओतलं आणि पदराच्या अंधारात धरून त्या आत डोकावल्या. पाणी विषारी असलं की बाटलीतले जंतू मरायचे आणि निळा उजेड विझायचा. दह्याच्या विरजणासारखा हा उजेड शेजारणी एकमेकींना वाटीतून द्यायच्या.

"विझला ना, आई?" सून रेवा म्हणाली. "दर शिमग्याला बघता आणि दर शिमग्याला फेकून देता. बाजारातून टाकीतल्या तिसऱ्या आणू का?"

पल्लवीबाईंना त्यांच्या सासूबाई आठवल्या. नव्या नवरी पल्लवीला टोपलीतले बांगडे अंधारात चमकताना दिसले, तेव्हा ती किंचाळत बाहेर पळाली होती. सासूबाई पोट धरून हसल्या होत्या. "अगं वेडे, भूत नाही ते. आपल्या खाडीचा उजेड आहे!" पुढे त्याच बांगड्यांवरचे जंतू शास्त्रज्ञांनी नेले, आणि कारखान्यांनी खाडी नासवल्यावर बाटल्यांत भरून घरोघरी धाडले.

"रेवा, नारळ फोड," पल्लवीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

त्यांनी पदर बाजूला केला. बाटली लख्ख निळी होती.

संध्याकाळी पोटभर जेवून सासू-सुना धक्क्यावर गेल्या. उद्याच्या पाण्यासाठी अर्धा उजेड पल्लवीबाईंनी घरी ठेवला होता. उरलेल्या अर्ध्याची बाटली त्यांनी खाडीवर धरली, पण हात काही कलता होईना.

"ओता ना, आई."

"थांब गं. सुनेला असं घाईने पाठवतात का?" बाटलीवरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "आमच्याकडे फार राबलीस बाई. आता माहेरी राहा, हवं तितके दिवस."