वरच्यांना अर्ज

निवृत्त हेडक्लार्क वडिलांनी समास सोडून लिहिलेला अर्ज मुलापुढे धरला. "बुद्धिबळाच्या ऑनलाइन फोरमवरून मला हाकललंय. मॉडरेटर दोस्तांना झुकतं माप देतो, एवढंच म्हणालो होतो. हा वरच्यांना पाठव." सहीखाली फोरमवरचं टोपणनाव होतं: जुनाप्यादा. मुलाने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. ह्या प्याद्याला सकाळी त्यानेच उडवलं होतं. तो मॉडरेटर असल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय तिथे वरचा कुणी नव्हताच. ज्याने हाकललं त्याच्याचपुढे अर्ज यायचा. वडिलांदेखत त्याने अर्ज शब्दन्‌शब्द टाइप करून पाठवला, आणि आतल्या खोलीत जाऊन उघडला. मंजूर करायचा तर स्वतःची चूक चारचौघांत कबूल करावी लागणार. त्याने 'फेटाळला' दाबलं. बाहेर वडिलांच्या फोनवर नकार आला. "कारणसुद्धा दिलं नाही," वडील म्हणाले. "ती माणसंच तशी, बाबा." वडिलांनी अर्जाची घडी घातली. "त्याच्या बापाला हे माहीत असेल का रे?"