शेजारची फ्रेम

"याच्या मागचा-पुढचा फोटो कुठंय?" यज्ञेश्वरकाकांनी विचारलं.

पायलनं स्नेहलकडे पाहिलं. स्नेहल फोटोग्राफी मंडळाच्या वन्यजीव स्पर्धेची चिटणीस, पण ती तरी काय बोलणार? नियम तिनंच छापले होते. परीक्षकांनी मागितल्यास त्या फोटोच्या आधी आणि नंतर टिपलेले फोटो दाखवावे लागतील, हा नियम तर मुख्य परीक्षक म्हणून काकांनीच हट्टानं घालायला लावला होता.

टेबलावर पायलचा फोटो होता. नव्या रायपुरातला रुंद, रिकामा रस्ता, पहाटेचं धुकं, आणि बसथांब्याच्या बाकड्यावर ऐटीत बसलेला कोल्हा. तिकडे बस इतकी क्वचित येते की कोल्हासुद्धा वाट बघून कंटाळलेला दिसत होता. स्नेहलनं तर पहिलं बक्षीस मनातल्या मनात देऊनही टाकलं होतं.

"काका, कार्ड भरून राहिलं होतं," पायल म्हणाली. "कॅमेरा विकीभैयाचा. चांगला होता तो एक ठेवला, बाकीचे डिलीट केले."

"आणि बाकड्यावर काय ठेवलं होतं? कोंबडीचे तुकडे?"

"काहीच नाही! तो आपल्या मनानं चढला."

"पोरी, शपथेवर फोटो निवडत नाहीत." काकांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या वेळी डिलीट-बिलीट नव्हतं. फिल्मची पट्टी, सहा-सहा फ्रेमची. एकटी फ्रेम कापली तर प्रिंट काढायच्या एनलार्जरमध्ये धरायची कशी? म्हणून खरं-खोटं सगळं शेजारी-शेजारी राहायचं. जंगलातला फोटो कधी एकटा नसतो. बाद."

स्नेहलनं बाजू घेऊन पाहिली. काका ऐकतात थोडेच!

जिन्यापर्यंत पायलनं डोळ्यातलं पाणी रोखून धरलं. "नंबर नाही आला तर चालते, दीदी. पण आता आमच्या गुढियारी मोहल्ल्यात सगळे म्हणतील, पायलनं खोटा फोटो पाठवला."

स्नेहलला फार वाईट वाटलं. आपणच छापलेल्या नियमाचा रागही आला. पण काकांशी भांडणार कोण? गावातले सगळे फोटोग्राफर त्यांच्या पाया पडायचे, ते त्या बिबट्यामुळे. मानेपर्यंत गवतात बुडालेला, पाण्यावर तोंड टेकवून सरळ समोर बघणारा काकांचा बिबट्या कितीतरी कॅलेंडरांवर झळकला होता. त्याच्यासाठी मचाणावर उपाशीपोटी कसे बसलो, हे काका दर सभेत सांगायचे. लहानपणी स्नेहलनं एकदा विचारलं होतं, "काका, तुम्ही वर मचाणावर, मग बिबट्याचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर कसे?" काका हसले होते आणि तिच्या हातावर चॉकलेट ठेवलं होतं. स्नेहल जन्माचीच चौकस, पण चॉकलेटपुढे तिची चौकशी तेवढ्यावरच थांबली.

प्रदर्शनाच्या दारात त्याच बिबट्याचा माणसाएवढा नवा प्रिंट लावून काकांना चकित करायचं, असं मंडळाचं ठरलं होतं. त्यासाठी मूळ निगेटिव्ह हवी होती. काका सकाळी फिरायला गेल्याचं बघून स्नेहल ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घरी गेली. विजयाकाकूंनी कपाटातून निगेटिव्हच्या पट्टीचं जुनं पाकीट काढलं.

"हे कोणाले हात लावू देत नाहीत. बुरशी लागते म्हणतात."

"मग नको काकू. रागावतील."

"काहून घाबरतेस? मी देऊन राहिली ना! याच फोटोनं तर त्यांचं नाव झालं. मोठा लागला की बघ कसे खूश होतात." काकूंचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

निघता निघता स्नेहलनं चाचरत म्हटलं, "काकू, त्या पायलसाठी एक शब्द टाकता का?"

"नियमाच्या गोष्टीत ते माह्यंही नाही ऐकत, बाई."

घरी येऊन तिनं पट्टी स्कॅनरवर ठेवली. कामाची होती ती फक्त तिसरी फ्रेम. पण खोड जाते कुठे! बिबट्या पाण्यावर येताना कसा दिसला असेल आणि परत जाताना कसा, हे तिला बघायचंच होतं. तिनं पट्टीच्या सगळ्या फ्रेम निवडल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर चित्रं एकेक करून उमटू लागली. पहिल्या दोन काळ्याठिक्कर, वाया गेलेल्या. तिसरीत तो बिबट्या, तेच गवत, तीच नजर. स्नेहल नकळत हसली.

मग चौथी उमटली. बिबट्या तोच, पाणी तेच. फक्त गवत आता पायाखाली दबलं होतं, आणि त्याच्या गळ्यातली साखळी हातात धरून सर्कसच्या गणवेशातला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.