बख्तरचा चेहरा

"काका, टीव्ही तुम्हाला बघणार नाहीये," आर्या म्हणाली. "चलो, बसा आता. शुरू हो रहा है."

रत्नाकर सबनीसांनी आरशासमोरून हलायचं नाव घेतलं नाही. दाढी सकाळीच झाली होती, शर्टाला कडक इस्त्री होती, तरी भांग काही मनासारखा पडत नव्हता. सत्तरी उलटलेल्या माणसानं मालिकेच्या शेवटच्या भागासाठी इतकं नटावं, हे मदन महलच्या वस्तीत कुणी पाहिलं असतं तर आठवडाभराच्या गप्पांची सोय झाली असती.

आर्या खालच्या मजल्यावरच्या वीणाची मुलगी, कॉलेजात शिकणारी. तिच्या घरचा टीव्ही आईच्या ताब्यात, म्हणून 'सातवा चंद्र' ही अंतराळातली हिंदी मालिका तिनं काकांकडे येऊन लावली होती. पहिल्या भागाला काका पेपर वाचत बसले होते. अर्ध्यावर पेपर खाली आला. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी दोघं मिळून बघत. खरं तर काका मालिका बघतच नसत. ते फक्त बख्तरला बघत.

बख्तर हा त्यातला यंत्रमानव. डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, तोंडावर मुखवटा, बोलणं शून्य. नायिकेच्या मागं मागं चालायचं आणि वेळ आली की मार खायचा, एवढंच त्याचं काम. नायकाचं नाव काकांच्या तोंडी कधी बसलं नाही. बख्तर पडद्यावर नसला की ते गॅसवरचं दूध बघायला उठत. तो आला की मात्र तोच प्रसंग मागं घेऊन परत लावायला सांगत.

"त्याचा उजवा पाय बघ. चालताना जरा बाहेर पडून राहिला."

"रोबोट आहे, काका. वैसा ही बनाया होगा."

"मग बनवणाऱ्याची चूक आहे."

आर्या हसायची. काकांची उभी हयात संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणीच्या कामात गेलेली. सांध्यात केसाएवढा फरक दिसला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे म्हणे. अशा माणसाला लोखंडी माणूस आवडणारच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण मागच्या भागात बख्तर कड्यावरून कोसळला तेव्हा काका खुर्चीतून ताडकन उठले. हातातला चहा सांडला.

"लागलं असेल त्याला," ते म्हणाले. "काहून पाडतात असं?"

ही गंमत आर्यानं घरी सांगितली, तर वीणा हसली नाही.

"एकटा माणूस आहे गं. बायको गेली. मुलाला कारखान्यात चिकटवायचं होतं, तो तयार नव्हता. मोठं भांडण झालं. 'उद्यापासून माझं नाव लावू नको' म्हणून जिन्यात ओरडले होते, सगळ्या गल्लीनं ऐकलं. पोरगा गेला तो गेलाच, फोनसुद्धा नाही. आता कुणावर तरी जीव लावणारच ना."

तेव्हापासून आर्यानं चिडवणं कमी केलं होतं.

आज बख्तरचा मुखवटा निघणार होता. जाहिरातीत तसं दाखवलं होतं. काकांनी शिरा केला होता, चार माणसांना पुरेल एवढा. शेवटी ते येऊन बसले आणि खुर्ची टीव्हीच्या इतक्या जवळ ओढली की आर्याला पडद्याचा कोपराच दिसेना. ती मुकाट्यानं बाजूला सरकली.

लढाई झाली, यान पेटलं. बख्तर नायिकेला बाहेर ढकलून स्वतः आत कोसळला. ती परत आली, त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हात मुखवट्याला लावले.

"हळू काढ," काका पडद्याला म्हणाले.

मुखवटा निघाला. आत एक गोरापान, देखणा, ओळखीचा चेहरा होता. हिंदी सिनेमातला मोठा नट. आर्यानं टाळीच वाजवली.

"क्या बात है! काका, पाहिलं?"

"हा कोण?"

"ह्याला नाही ओळखत? इतका बडा हिरो आहे."

"हाच होता आत? पहिल्यापासून?"

"और कौन? चेहरा दिसून राहिला ना."

"अच्छा," काका म्हणाले.

ते खुर्चीत मागे टेकले. इतके शुक्रवार आपण खुळ्यासारखे बसलो, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त वाटलं ते दुःख. पुढच्या शुक्रवारी बघायला काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात आर्याचा फोन वाजला. मैत्रिणीनंही तोच भाग पाहिला होता, आता दोघींना धीर कुठला. "काका, येतेच मी," म्हणत ती जिना उतरून गेली. एरवी गोष्ट संपली की तीच लगेच टीव्ही बंद करायची. आज तो चालूच राहिला.

शिरा झाकून ठेवावा म्हणून काका उठले, पण स्वयंपाकघरापर्यंत जायचा उत्साह राहिला नव्हता. निदान टीव्ही तरी बंद करू, म्हणून ते भिंतीवरच्या बटणाकडे वळले. पडद्यावर नावं खालून वर सरकत होती. नायक, नायिका, संगीत, कपडे, रंगभूषा. सगळी दोन-दोन शब्दांची, कुणाकुणाची. काकांनी बटणावर बोट ठेवलं आणि सवयीनं एकदा पडद्याकडे पाहिलं.

'बख्तरच्या चिलखतात : गौरांग रत्नाकर सबनीस.'