शेळीचं वाक्य

"काका, 'ही गो टू स्कूल' काल चूक होतं, आजही चूकच आहे!" करुणाने हिरव्या पेनाने फुली मारली.

बन्सीकाका समोरच्या बाकावर निवांत बसले होते. वडिलांचे दोस्त, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. त्यांना नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. दोन महिने झाले, ते रोज सकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन यायचे. खुलताबादकडच्या भावकीतली पोरं, म्हणायचे. प्रत्येक कागदाची वरची पट्टी कात्रीने कापलेली असायची.

"ही पट्टी का कापता?"

"नावाचं काय करायचंय तुला? तू चूक बघ. अन् नुसती फुली नको मारू, पोरी. चार शब्द लिहीत जा."

चार शब्द! करुणाचं डोकंच फिरलं. स्वतःच्या क्लासमध्ये ती वही आणूच देत नसे. इंग्रजी बोलून येतं, हे पालकांना सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. पालकांना मात्र तपासलेली वही हवी. जूनमध्ये तीस मुलं होती, आता सहा उरली. तीही गेली की छावणीतली ही खोली सोडायची आणि क्लास बंद.

आणि ती इथे भावकीच्या चुका काढत बसली होती. 'शी हॅव अ गोट.' ही शेळी या आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती. करुणाने रागारागाने खाली काहीतरी खरडलं आणि गठ्ठा काकांच्या हातात कोंबला.

"लई उपकार झाले," म्हणत काका उठले.

संध्याकाळी ती सम्यकच्या घरी गेली. तो तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, महिन्यापूर्वी क्लास सोडून गेलेला. त्याची आई रूपा ओशाळली.

"राग नका मानू, मॅडम. तुम्ही चांगलंच शिकवता. पण घरी काय दिसतच नव्हतं. नवीन सर एकेक चूक लिहून देतात. जरा तापट हायेत, पण तळमळ दिसते."

"बघू तरी."

"हा आजचाच हाय." रूपाने कौतुकाने फाइलमधून कागद काढला.

कागदाची वरची पट्टी कापलेली होती. मधोमध शेळी उभी होती. तिच्याखाली, हिरव्या शाईत, करुणाच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गधड्या, किती वेळा सांगायचं?'