दुपारचा खेळ

पडद्यावरच्या लंबूने कपड्यांसकट खाणीच्या पाण्यात उडी घेतली, तशी बायकोने घड्याळजींचा हात गच्च धरला.

“उडी मारली हो त्याने!” ती पुटपुटली. “आपल्या टिल्लूसाठी!”

दुपारचा खेळ होता, थिएटरात जेमतेम वीस माणसं. पुढच्या रांगेत कडेला सिनेमा काढणारा स्वतः बसला होता. तोच खरा लंबू. गेल्या आठवड्यात घरी येऊन त्यानेच दोन तिकिटं दिली होती. “काका, टिल्लूची न् माझी गोष्ट आहे. तुम्ही दोघांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.” कानाजवळचे केस पिकले होते त्याचे. टिल्लू असता तर त्याचेही पिकले असते.

अर्ध्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. एकाच सायकलवर दोघं. टिल्लू बापाच्या दुकानातून घड्याळ दुरुस्तीचं भिंग पळवतो, आणि दोघं पालथे पडून मुंग्यांचे पाय मोजत बसतात. खरं तर त्या दिवशी घड्याळजींनी दोघांच्याही कानाखाली वाजवली होती. पडद्यावरचा घड्याळजी मात्र खो खो हसला. तेवढं खोटं त्यांना आवडलं. बायकोही हसली. एकतीस वर्षांत टिल्लूच्या नावाने ती पहिल्यांदाच हसत होती.

आणि आता हे पाणी. पडद्यावरचा लंबू तीनदा तळाशी गेला, तीनदा रिकाम्या हाताने वर आला. मग धावत टिल्लूच्या घरी आला आणि दारात उभा राहिला. अंगावरून निथळणारं पाणी उंबऱ्यावरून आत वाहत गेलं.

घड्याळजींना दारात उभं राहिलेलं ते पोर जसंच्या तसं आठवत होतं. सदरा कोरडा. चड्डी कोरडी. केसांवर खाणीची पांढरी धूळ. “टिल्लू वर येत नाहीये,” एवढंच ते म्हणालं. आतून टिल्लूची आई त्याच्याकडे न बघताच किंचाळत मागच्या दाराने धावली. घड्याळजींनी पोराला बाजूला सारलं, तेव्हा त्याच्या खांद्यावरची ती धूळ त्यांच्या तळव्याला लागली होती.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. अकरा वर्षांचं पोर, पोहता येत नव्हतं, भ्यालं असेल. उडी मारली असती तर दोन गेली असती. ते सगळं त्यांनी केव्हाच पोटात घातलं होतं. पण पडद्यावरचं हे पाणी काही केल्या घशाखाली उतरेना.

दिवे लागले. बायको लगबगीने पुढे गेली आणि तिने लंबूचे दोन्ही हात धरले.

“मला माफ कर रे बाबा. इतकी वर्षं मनातल्या मनात तुला शिव्याशाप दिले. म्हणायचे, माझ्या लेकराला ह्याने एकट्याला मरू दिलं. आणि तू तर...” तिने त्याचे हात कपाळाला लावले. “तो एकटा नव्हता. एवढं कळलं. आता मला काही नको.”

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. “काकू, ऐका ना... सिनेमा म्हटला की थोडंफार...” त्याने तिच्या डोक्यावरून घड्याळजींकडे पाहिलं. आता काय करू, असं विचारल्यासारखं.

बायकोच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. तो चेहरा घड्याळजींनी लग्नानंतरच्या चार-दोन वर्षांतच काय तो पाहिला होता.

“सिनेमा चांगला काढलायस,” ते म्हणाले. “पाणी फार दाखवलंस.”

लंबूची मान खाली गेली ती वर आलीच नाही. बायको अजून त्याच्या हातावरून हात फिरवत होती.

बाहेर ऊन रणरणत होतं. पायऱ्या उतरताना घड्याळजींनी तिला नेहमीप्रमाणे हात पुढे केला, तर तिने तो धरलाच नाही. भराभर उतरली.

“अहो, किती दिवस लागणार आहे हा इथे?”

“आठवडाभर असेल.”

“मग रोज यायचं. दुकान दुपारचं बंद ठेवा. एकटी नाही मी बघणार.”

घड्याळजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती तोवर तिकीट खिडकीपाशी पोचलीही होती आणि तिथून त्यांना हाताने बोलावत होती.

“येतो,” ते म्हणाले, आणि जाऊन तिच्या मागे रांगेत उभे राहिले. रांगेत दुसरं कुणीच नव्हतं.