मोकळी दावण

“एका आवाजात नको,” आबाराव म्हणाले. “गाय वेगळी, म्हैस वेगळी, मधनंच एखादा बैल डुरकू दे. मागच्या गोठ्यांत जनावरं थोडी कमी पडल्यात. बाहेरनं ऐकणाऱ्याला भरल्यासारखं वाटलं पायजे. जमंल?”

“जमंल,” बब्रुवान म्हणाला.

“मग मुकादमकी तुझी. छावणी उठली की सोसायटीत घेतो, कायम. खडी फोडायला जायचं काम न्हाय.”

आबाराव सोसायटीचे चेअरमन. बहात्तरच्या दुष्काळात गुरांची छावणी त्यांच्या सोसायटीकडं चालवायला आली होती. जितकी जनावरं, तितकं अनुदान. आज तपासणीचे साहेब यायचे होते.

बब्रुवानला जनावरांचे आवाज काढायचा नाद होता. लहानपणी गुरं राखताना लागला, तो मॅट्रिक होऊनही सुटला नाही. गावातल्या एकूण एक गाईम्हशींचं ओरडणं त्याला पाठ. ईट गावच्या गुरांच्या बाजारात कोपऱ्यात उभा राहून तो वासरासारखा हंबरला की बांधलेल्या गाई दावी ताणायच्या आणि व्यापारी शिव्या द्यायचे. “शाळा काय हंबरायला शिकलास व्हय?” बाप म्हणायचा. बायको, कस्तुराबाई, चारचौघांत मान खाली घालायची. कुणी म्हणे, “ए बब्रुवान, एखाद्या माणसाची नक्कल कर की.” तो मान हलवायचा. “माणसाचं जमत न्हाय.”

त्याच नादानं आज नोकरी दिली होती. कस्तुराबाईनं प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी काढून त्याच्या सदऱ्याची कॉलर धुतली होती.

तो मागच्या गोठ्यांपुढच्या तुराट्यांच्या कुडाआड गेला आणि जागीच थांबला. जनावरं थोडी कमी नव्हती. एकही नव्हतं. दोन लांबच लांब गोठे, दोन्ही दावणी मोकळ्या. खुंट्यांवर दावं घासल्याची साधी खूणही नव्हती. गव्हाणी कोऱ्या. शेणाचा वाससुद्धा नाही.

महिन्यामागं याच छावणीच्या फाटकावर तो आपली कपिली गाय घेऊन उभा होता. सकाळपासून. दिवस कलल्यावर आबारावांनी जीपमधूनच हात हलवला होता. “जागा न्हाय. फुडल्या आठवड्यात या.” परतीच्या वाटेवर कपिली बसली, ती उठली नाही. तेव्हा त्याला राग आला नव्हता. जागाच नाही तर माणूस काय करणार, असं त्यानंच कस्तुराबाईला समजावलं होतं. ते समजावणं आता आठवलं आणि त्याची कानशिलं तापली.

बाहेर साहेबांची जीप थांबली. पुढच्या गोठ्यातली खरी जनावरं साहेबांनी पाहिली. फाटकाशी जागेसाठी ताटकळलेले गावकरी त्यांच्या मागं मागं आत शिरले. म्हातारी केशरबाई त्यांत होती. तिची म्हैसही फाटकावरून परत गेली होती आणि मेली होती. मागं राहिलेलं रेडकू घेऊन ती पुन्हा आली होती.

“आत खुरकत शिरलीय, साहेब,” आबाराव कुडाकडं बोट करून म्हणाले. “आजारी जनावरं सगळी वेगळी ठेवलीत. आपल्या पायांनी रोग बाहेर यायचा. इथनंच बघा, आवाज येतोयच.” आणि ते मोठ्यानं खाकरले. ती खूण होती.

कुडाआडून काहीच आलं नाही. आबाराव पुन्हा खाकरले.

मग एक म्हैस रेकली. घोगरा, लांब आवाज, शेवटाला चिरकणारा. केशरबाईच्या हातातल्या दाव्याला हिसका बसला. रेडकू कान टवकारून कुडाकडं ओढू लागलं.

“मोरे!” केशरबाई किंचाळली. “आगं, माझी मोरी हाय ती!”

मग एक बैल डुरकला. तुटक, दम लागल्यासारखा. गर्दीतला श्रीपती पांढराफटक पडला. त्याचा ढवळ्या असाच डुरकायचा, आणि ढवळ्याला त्यानं स्वतःच्या हातानं पुरलं होतं. मग एक गाय हंबरली. मग दुसरी. लोक एकमेकांकडं बघू लागले. ज्या ज्या जनावराला फाटकावरून परत लावलं होतं, ते ते आता आतून ओरडत होतं.

“आवं काकू, खुळ्या का काय तुमी!” आबारावांचा तोल सुटला. “तुमची म्हैस कवाच मेली!”

“ठावं हाय मला,” केशरबाई म्हणाली. “मंग आत वरडतंय कोण?”

साहेबांनी वळून आबारावांकडं पाहिलं. केशरबाईनं दावं सोडून दिलं. रेडकू सुसाट धावलं. वाळल्या तुराट्या कडाकडा मोडल्या आणि कूड आडवा झाला.

आत मोकळी दावण होती. तिच्या मधोमध धुतल्या कॉलरचा सदरा घातलेला एक माणूस उभा होता आणि रेडकू त्याच्या मांड्यांना ढुशा देत होतं.

कुणी हसलं नाही.

“जनावरं कुठं आहेत?” साहेबांनी विचारलं.

आबाराव डोळे वटारून बघत होते. मुकादमकी अजून त्या डोळ्यांत होती. एक शब्द सांभाळून बोलला असता तरी बब्रुवानला ती मिळाली असती. त्यानं एक हात रेडकाच्या डोक्यावर ठेवला. दुसरा जीपमधून हलवावा तसा हलवला. आणि जन्मात पहिल्यांदा माणसाची नक्कल केली. हुबेहूब.

“जागा न्हाय. फुडल्या आठवड्यात या.”