पडदा वाढेल तुला

डबिंगच्या खोलीत म्हाताऱ्याला उंच स्टुलावर बसवलं, कानांना हेडफोन लावला आणि माईक खाली ओढून त्याच्या तोंडाशी आणला. म्हाताऱ्याने माईकवर दोन टिचक्या मारल्या.

"चालू आहे," तो म्हणाला. जन्म बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेल्या माणसाला एवढं कळत होतं.

काचेच्या अलीकडे त्याचा मुलगा उभा होता. मुलगा दिग्दर्शक होता आणि स्वतःच्याच लहानपणावर चित्रपट करत होता. 'सिनेमावरच्या प्रेमाला आदरांजली' असं त्याने पोस्टरवर छापूनही घेतलं होतं.

"आदरांजली गेलेल्यांना वाहतात," म्हातारा माईकमधून म्हणाला. "मी आहे अजून."

"तुम्हाला नाही अण्णा, सिनेमाला."

"तो गेला?"

रेकॉर्डिस्ट बाईंना अचानक समोरची बटणं पुसावीशी वाटली.

काम एका वाक्याचं होतं. पडद्यावर एक लहान मुलगा चोरून सिनेमा बघून घरी येतो. दारात बाप उभा. बाप ओरडतो, "आता जेवायलाही तिकडेच जा! पडदा वाढेल तुला!" आणि धाडकन दार लावतो. मध्यंतर. बापाचं काम करणारा नट दिसायला जरबेचा होता, पण आवाज वर्गणी मागायला आल्यासारखा. म्हणून दिग्दर्शकाने मूळ माणूसच आणला. हे वाक्य तो प्रत्येक मुलाखतीत सांगत आला होता आणि लोक न चुकता हळहळत. आता ते ज्याचं त्याच्या तोंडून हवं होतं, आणि बोलताना त्याचा चेहरा काचेतून बघायचा होता. हे दुसरं मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"काका, तीनदा टुंग वाजेल," बाई म्हणाल्या. "चौथं वाजणार नाही, तिथे तुम्ही बोलायचं."

टुंग, टुंग, टुंग.

"आता जेवायलाही तिकडेच जा, पडदा वाढेल तुला," म्हातारा स्वच्छ आवाजात म्हणाला. जरा थांबला. "आता जेवायलाही तिकडेच जा, पडदा वाढेल तुला."

"काका, एकदाच."

"एकदा सांगितलेलं कोण ऐकतं?"

"दुसऱ्या वेळी दार लागलेलं असतं हो."

पुढच्या खेपेला त्याने एकदाच म्हटलं. गाडी उशिरा सुटेल, अशा सुरात.

"अण्णा, चिडून म्हणा," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही ओरडला होतात."

"कशाने ओरडणार? आवाज होता कुठे?" म्हाताऱ्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "तू सापडत नव्हतास. संध्याकाळभर तुझंच नाव पुकारत बसलो होतो. निळा शर्ट, अर्धी चड्डी, पुढचा दात पडलेला. शेवटी साहेब म्हणाले, अहो, अधूनमधून गाड्याही सांगा. घरी आलो तेव्हा घसा पार बसला होता."

"हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"बोललो की. माईकवर. सगळ्या गावाने ऐकलं. तू थेटरात होतास."

दिग्दर्शकाने चित्र पुन्हा मागे घ्यायला लावलं. मग म्हणाला, "एक घेऊ या. झालं होतं तसं."

टुंग, टुंग, टुंग. म्हातारा माईककडे वाकला आणि घशातल्या घशात ते वाक्य बोलला. शेवटचा शब्द तर नुसता वाराच निघाला. पडद्यावर नट मानेच्या शिरा ताणून आ वासत होता. त्या तोंडाचा आणि या आवाजाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"सर, बसलेला आवाज या तोंडावर बसणार नाही," बाई म्हणाल्या. "आधीचा ठेवू? की हा ठेवायचा आणि सीन परत शूट करायचा?"

पडद्यावर चित्र थांबलं होतं. बंद दार, आणि दाराशी पाठमोरा मुलगा.

"चालू करा की पुढे," म्हातारा म्हणाला.

"सीन तिथेच संपतो, अण्णा."

"आणि दार?"

"बंदच. मध्यंतरानंतर तो एकदम मोठा झालेला दाखवलाय."

म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. डोळे बारीक करून, मान जराशी पुढे काढून. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढा मन लावून सिनेमा बघत असावा.

"मग पोरगं जेवलं कधी?" त्याने विचारलं.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा अजून चालू होता.